ओके-इरेच्या फाटकाबाहेर

कपाच्या कानाशी टवका उडालेला, आणि टवक्याच्या बरोब्बर वर ते बोधचिन्ह – टेकडी, टेकडीवर मशाल. अबोसेदेची नजर तिथून हलेना. ही मशाल तिनं जन्मभर पाहिली होती, ओके-इरे विद्यापीठाच्या फाटकाच्या लोखंडावरची, बाहेरून, आईच्या अकाराच्या – चवळीच्या भज्यांच्या – कढईच्या धुरातून... आणि समोरच्या गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं. ओगुनलेयेसाहेब, या विमा कंपनीचे सर्वेसर्वा, जनरेटरच्या घरघरीत फोनवर कुणाला तरी झापत होते. तिच्या कागदांचं बंद पाकीट त्यांच्या कोपराखाली होतं.

सकाळी तिनं काही ठरवलं नव्हतं – खरंच नव्हतं. दारातल्या बाईनं आल्या आल्या फर्मावलं, "विद्यापीठवाले आत सोफ्यावर. पॉलिटेक्निकवाले बाहेरच्या बाकावर, तुम्हाला मागाहून कळवू." मागाहून म्हणजे कधीच नाही, हे लागोसमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. ती मुकाट्यानं बाकाकडे वळली, तेवढ्यात हाच कप हातात घेऊन साहेब आले आणि सोफ्याकडे बघत मजेत गरजले, "ओके-इरेऽऽ!" सोफ्यावरचे सगळे दुसऱ्या विद्यापीठांतले, नुसते बघत राहिले. आणि हिच्या तोंडून, कुणाच्या जांभईनं आपल्याला जांभई यावी तसं, निसटलं – "उंचच उंच!"

झालं. साहेब हरखलेच. "अरे, ही तर आपलीच पोर! बाहेर काय करतेस? चल आत!" ती रीतीप्रमाणे गुडघे टेकायला वाकली, तर म्हणाले, "ऊठ गं, आपल्यात कसली औपचारिकता?"

खोटं ती एक अक्षर बोलली नव्हती. ही आरोळी फाटकापाशी राहणाऱ्या कुणालाही येते. रांगेतली पोरं ओरडायची, कढईमागून ती उत्तर द्यायची, आणि आई कौतुकानं हसायची. प्रवेश परीक्षेत थोडक्यात हुकली, पॉलिटेक्निकात गेली, तिथं पहिली आली... पहिली! त्या पहिलेपणाला दोन वर्षांत कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि एका आरोळीनं दार सताड उघडलं. संताप आला तिला, आणि त्याच दमात ही खुर्ची हवीशीही वाटली. सांगून टाक. फोन ठेवला की सांग. पाकीट उघडलं की कळणारच आहे... की उघडणारच नाहीत? आपल्या माणसाचं पाकीट कोण उघडतं?

फोन ठेवला गेला. ती सांगायला पुढे झुकली.

"हं, कुठल्या वसतिगृहात होतीस? बरं, ते राहू दे. आधी सांग, फाटकाजवळची ती अकारावाली अजून बसते का? इया सेदे म्हणायचे सगळे तिला, सेदेची आई! काय हात होता बाईचा... वर्ग बुडवायचो आम्ही तिच्या अकारासाठी."

"बसते, सर."

"अजून? कमाल आहे! पाठीला पोर बांधलेली असायची. तळता तळता ऐकवायची, 'आज हसा लेकांनो, माझी सेदे उद्या याच फाटकातून आत जाणार.'" साहेब खो खो हसले. "आणि आम्ही हसायचो गं. फार हसायचो. तू खाल्लेस की नाही तिच्या हातचे?"

पाठ. त्या पाठीची ऊब, तेलाचा वास, आणि वरून कोसळणारं ते हसणं – आठवणं शक्यच नव्हतं, तरी तिला ते ऐकू येऊ लागलं.

"हो सर," ती म्हणाली. "रोज."

हेही खरंच होतं. आणि आपण आत्ताच आईला ओळख दाखवली नाही, हेही तितकंच खरं होतं. तिला स्वतःची किळस आली.

"मग झालं तर!" साहेबांनी कप उचलला, कोपर सरकलं. पाकीट मोकळं पडलं. त्यात तिचं नाव होतं, पुरतं, आईनं ठेवलेलं – अबोसेदे.

आत आल्यापासून तिला एकच धास्ती होती, की हे पाकीट उघडेल. आता, ओठांशी गेलेल्या कपावरची मशाल बघता बघता, तिला भीती वाटू लागली, की ते कुणी उघडणारच नाही.