तिळाएवढी काच

काचेचं कुसळ तिळाएवढंसुद्धा नव्हतं, आणि बोट बघा — उजव्या हाताची तर्जनी, काल दुपारपर्यंत साधीसुधी, आज टम्म, लालबुंद, टेबलाला नुसती टेकली तरी कळ मस्तकात जाते. आत ठणका... ठणका. काय चाललंय ते तिला माहीत होतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये बावीस वर्षं गेली होती. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, कुसळापाशी धावतात, लढतात, मरतात, आणि त्यांचाच पू होतो. कुणाला विचारत नाहीत, कुणाची वाट बघत नाहीत.

"सूज उतरायची गोळी घे आणि जाऊ दे ना," नवरा सकाळी म्हणाला होता, पेपरातून मान वर न काढता. जाऊ दे! माहेरी आई तेच म्हणायची, सासरी हे तेच म्हणतात — जन्मभर मी जाऊ दे, जाऊ दे करत आले, आणि हे एवढंसं बोट, त्याला मेलं कुणी शिकवलंच नाही.

कालची ती स्लाइड, रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी... सत्तरीचे आजोबा, दोन दिवस अन्न नाही, सारखी ग्लानी, पण ताप नाही. मशीनने पांढऱ्या पेशी मोजल्या: आठ हजार. नॉर्मल. मात्र शेजारी बारीकशी खूण उमटली, म्हणजे डोळ्यांनी बघा. तिने मायक्रोस्कोपखाली बघितलं, आणि जिकडेतिकडे कोवळ्या पेशी, अजून धड पिकलेल्याही नाहीत अशा, हाडांच्या मगजातून घाईघाईने बाहेर ढकललेल्या. जंतूंशी लढता लढता तयार पेशी संपत आल्या की शरीर असं करतं. आकडा सरळ होता आणि आत आग लागली होती.

"सर, एकदा बघता का हे?"

"आकडा नॉर्मल आहे ना?" लॅबचे डॉक्टर गाडीची किल्ली शोधत होते. "बाई, तुम्ही फार विचार करता. द्या रिपोर्ट सोडून."

विचार करते म्हणे! मग मायक्रोस्कोप काय शोभेला ठेवलाय? तणतणत ती जागेवर आली, स्लाइड पेटीत अशी खुपसली की कट्‌कन मोडली, आणि काच बोटात. बावीस वर्षांत एक स्लाइड मोडली नव्हती, मोडली ती नेमकी हीच. आता दाखवायलाही काही उरलं नाही.

सकाळपासून ती सरांना मनातल्या मनात फैलावर घेत होती — लाज नाही, लज्जा नाही, माणूस मेलं तरी चालेल, आकडा नॉर्मल हवा! त्याच तिरीमिरीत तिने आजोबांच्या रिपोर्टची लॅबकडची प्रत काढली. सरांचं नाव वर छापलेलं, ते काय, सगळ्याच रिपोर्टांवर असतं. खाली 'तपासले' याच्यापुढे निळ्या शाईत सही होती. तिची.

आणि काल रिपोर्ट घ्यायला खिडकीपाशी उभी राहिलेली आजोबांची सून आठवली. "ताई, काळजीचं काही नाही ना?"

"नाही हो, सगळं नॉर्मल आहे." आणि वर हसलेसुद्धा. माझा गळा कुणी धरला नव्हता. सर तर केव्हाच गेले होते. तिच्याशी मी बोलले, मी... बोट रात्रभर लढत होतं आणि बोटाची मालकीण हसून मोकळी झाली होती.

फॉर्मवर सुनेचा नंबर होता. तिने मुद्दाम त्याच बोटाने दाबला. प्रत्येक आकड्याला कळ. सरांनी सांगितलं म्हणून, असं म्हणायचं नाही. मी बघितलं होतं, मी बोलले नाही, त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या — एवढंच. पर्समधली गोळी तिने घेतलीच नव्हती. ठणका चालू होता, आणि तो थांबू नये असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. पलीकडे घंटी वाजत होती... वाजतच होती.

उचल ग बाई. उचल, आणि ओरड माझ्यावर.