जोखीम पुरुषांची

छावणीत आत्महत्या पुरुषच करतात, असं डॉक्टरांची आकडेवारी सांगत होती. आकडे शांततेच्या काळातले होते. पण युद्ध लागलं म्हणून कोणी नवे आकडे काढायला बसत नाही. तेव्हा प्रत्येक पुरुषामागे एक जोडीदार नेमला गेला. त्याने रोज विचारपूस करायची, आणि गडी निरवानिरवीचं बोलू लागला तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. पुरुषांना असलं विचारायची लाज वाटते, म्हणून काम बायकांच्या गळ्यात पडलं. बायकांना कोणी विचारायचं, हा मुद्दा निघालाच नाही. त्या रडून मोकळ्या होतात, असं डॉक्टरांचं मत होतं.

रुग्णवाहिका चालवणाऱ्या बाईच्या वाट्याला आचारी आला.

"काय दादा, आज जगायचा विचार आहे ना?"

"पातेलं उतरेपर्यंत तरी आहे, ताई."

मग एकदा तिच्या गाडीत दोन जवान वाटेतच गेले. ती रडली नाही. उलट जास्तच हसायला लागली. स्वेटर नर्सला देऊन टाकला, रेडिओ आचाऱ्याला. तोफगोळे पडणाऱ्या रस्त्यावर हेल्मेटशिवाय जाऊ लागली.  आचारी हे सांगायला डॉक्टरांकडे गेला.

"वस्तू वाटते? मन मोठं आहे. हसते? उत्तम! तुमचं सांगा, झोप लागते का?"

तो बाहेर आला तर ती गाडी सुरू करत होती.

"कोणाला आणायचंय?"

"कोणाला नाही. अशीच जाऊन येते."

"त्या रस्त्याने?"

ती नुसती हसली. आचारी दार उघडून शेजारी बसला.

"उतरा, दादा."

"ताई, मला आज जगावंसं वाटत नाही."

"खोटं बोलताय."

"असेन. पण मला एकटं सोडता येत नाही तुम्हाला. नियम आहे."

तिने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांचा चेहरा खुलला. पद्धत लागू पडली होती! त्यांनी आचाऱ्याला आघाडीच्या मागच्या इस्पितळात पाठवायचं ठरवलं. गाडी अर्थात तिनेच न्यायची.

इस्पितळाच्या दारात तिथली नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली. "पेशंट कोण?"

आचाऱ्याने ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

तिने काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडलं. काही सुचलं नाही. हात स्टिअरिंगवरून निघेनात. नर्सला एकेक बोट सोडवावं लागलं.

"बायकांसाठी खोली नाही हो," नर्स म्हणाली. "आजवर कोणी आलीच नाही."

"आणलीच नसेल कोणी," आचारी म्हणाला.

मग बँडेजची खोकी बाहेर काढून कोठीत खाट टाकली. दाराला आतून कडी होती. आचाऱ्याने स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि ती काढून टाकली.