पिवळी काच

"दादा, आता सांगा, तुमच्या अमरावतीत आहे काय कोणाच्या घरी असा समुद्र?" पडदे ओढून टाकीवरचा निळा दिवा लावत चिंतामणने विचारलं.

खुशालरावांनी नुसतं "हं" केलं. अधिक महिन्याचं जेवण होतं. सासूबाई, गोदाबाई, अकोल्याला धाकट्या मुलीकडे राहत, म्हणून थोरला जावई असूनही वाण घ्यायला त्यांना साडूच्या, चिंतामणच्या, दारी यावं लागलं होतं. वाण दोघांना सारखंच, तेहतीस अनारसे आणि वर दिवा. पण घर साडूचं दुमजली, आणि आता दिवाणखान्यात ही खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात जिवंत प्रवाळ. फोनवर ऐकल्यापासूनच खुशालरावांच्या पोटात दुखत होतं. औषध मात्र ते खिशात घालून आले होते.

रुमालात गुंडाळलेली पिवळी काच. एकतीस वर्षं ते कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये अटेंडंट होते. प्रयोग मांडायचे ते, टाळ्या प्राध्यापकांना. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ही एवढी काच मागून घेतली होती. प्रवाळ निळा उजेड पितात आणि हिरवा, शेंदरी उजेड बाहेर टाकतात. निळ्याच्या झगमगाटात तो लपतो. पिवळी काच निळं अडवते. चिंतामणला यातलं काही ठाऊक नव्हतं. चारचौघांत काच काढून त्याचं अज्ञान उघडं पाडायचं, असा बेत होता.

पण टाकीसमोर बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, काच काढली तर टाकीच उजळणार. भाव साडूचाच वाढणार! राहू दे मेल्याचा समुद्र निळाच.

पाहुणे "छान, छान" म्हणत पानांकडे वळले. गोदाबाई मात्र टाकीला नाक लावून उभ्या राहिल्या.

"खुशालराव, तुमी तं सायन्सवाले. मले काहून निरं निळंच दिसून राह्यलं? डोये गेले काय माहे?"

सासूबाईंनी त्यांना आजवर कधी काही विचारलं नव्हतं. हात खिशात कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी काच म्हातारीच्या डोळ्यांपुढे धरली.

"माय वं! हिरवं, शेंदरी... आत दिवे लागले ना बाप्पा!"

मग रांगच लागली. एकेकाच्या डोळ्यांपुढे काच धरत खुशालराव उभे राहिले, लॅबमध्ये उभे राहायचे तसेच.

"चिंतामणराव," गोदाबाई गहिवरून म्हणाल्या, "काय दौलत आणली हो तुमी घरात!"

खुशालरावांना ते मिरचीसारखं झोंबलं. काच तिथंच आपटावी असं वाटलं.

"दादा, काच राहू द्या न इथंच," चिंतामण म्हणाला. "रोज कोणी ना कोणी येते पाहाले."

"ठेव."

परतीच्या एसटीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, पौर्णिमाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "साऱ्याइले दाखवलं. पण तुमी पाह्यलं काय?"

खुशालरावांचा हात खिशात गेला. नुसता रुमाल हाती आला.

"मले ठाऊक आहे कसं दिसते ते," ते म्हणाले, आणि मांडीवरचा अनारशांचा डबा नीट धरून बसले.