माझ्यावर काय काय ठेवले

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. मी टेबल नाही. मी एक जुनी पेटी आहे, वाजवायची पेटी. तुमच्या पुस्तकात तिला हार्मोनियम म्हणतात. गोव्यात मयेच्या तळ्यापासून थोडे आत गेले की एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, मराठी प्राथमिक शाळा लागते. तिथल्या मोठ्या वर्गाच्या कोपऱ्यात, एका बुटक्या बाकावर, मी असते. माझी पाठ सपाट आहे. एवढाच माझा गुन्हा.

मला सावंतवाडीच्या एका कारागिराने घडवले. सागवान निवडून घेतले, भात्याच्या घड्या हाताने चिकटवल्या आणि एकेक सूर कानाशी धरून लावला. गावच्या भजनी मंडळाने मला आणले आणि शाळेची नवी इमारत झाली तेव्हा शाळेला भेट दिले. तेव्हा इथे वत्सलाबाई शिकवत. रोज सकाळी त्या माझ्यासमोर मांडी घालून बसत आणि प्रार्थना वाजवत. शेतात लावणी करणाऱ्या बायका तो आवाज ऐकून म्हणत, "शाळा भरली गे, आटपा." घड्याळ कोणी बघत नसे. वत्सलाबाई मला मऊ फडक्याने पुसत, पावसाळ्याआधी कापूर ठेवत, आणि कोणी माझ्यावर नुसती छत्री टेकवली तरी अशा बघत की ते पोर छत्री घेऊन थेट बाहेर जाई. त्या निवृत्त झाल्या. मग मुठीएवढा स्पीकर आला. प्रार्थना त्यातून वाजू लागली आणि माझी पाठ रिकामी दिसू लागली.

आता या सत्रात काय काय झाले ते ऐका.

शाळेत हल्ली सगळे करून बघत शिकायचे असते. चांगले आहे, माझी तक्रार नाही. संजनाबाई नव्या आहेत, हौशी आहेत, मुलांना त्या आवडतात. पण करून बघायला जागा लागते, आणि जागा म्हटले की सगळ्यांना मी दिसते.

पहिलीच्या मुलांनी चिंचोके मांडून अक्षरे गिरवली. कुठे? माझ्यावर. 'क' झाला, 'म' झाला, आणि उरलेले चिंचोके माझ्या पट्ट्यांच्या फटीत गेले. दुसरीने कपात कापूस घालून मूग रुजत घातले. खिडकीजवळ ऊन येते म्हणून ते कपही माझ्यावर. रोज कोण ना कोण पाणी घाली आणि कधी कधी सगळेच घालत. मुगाला कोंब फुटले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आत पाणी झिरपून एक सूर बसला, त्याच्यासाठी कोणी काही वाजवले नाही.

तिसरी लांबी मोजायला शिकत होती. परेश नावाचा एक मुलगा आहे, हात सदा चिकट. त्याने मला वितीने मोजले.

"चार वीत."

"पाच," हर्षा म्हणाली. तिची वीत लहान.

संजनाबाईंनी विचारले, "मग पेटी वाढते की आखडते?"

"हर्षाच्या हातान वाडटा, बाई," परेश म्हणाला आणि वर्ग हसला. मग बाईंनी पट्टी आणली आणि सगळ्यांचे उत्तर एक आले. धडा छान होता. पण माझ्या अंगावर दोन्ही टोकांना खडूच्या रेघा राहिल्या, त्या कोणी पुसल्या नाहीत.

चौथीने तर कमाल केली. गणेश चवथीआधी त्यांना माटोळी शिकायची होती. गणपतीच्या वर आपण रानातली फळे, फुले बांधतो ती माटोळी, त्यातल्या प्रत्येकाचे नाव काय, ते कुठे वाढते, खायचे की नुसते बघायचे. मुले रान फिरून आली. कांगले, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगण, लालभडक कवंडळ, सगळी रास माझ्यावर. "कवंडळ तोंडात घालू नका," बाई ओरडून सांगत होत्या. कवंडळ फुटून माझ्यावर गळत होते, त्याबद्दल कोणाला काही सांगायचे नव्हते. मग मुंग्या आल्या.

त्या वेळी यशवंतमामा आला. फेरीबोटीवरची नोकरी संपल्यापासून तो देवळातल्या भजनाला पेटी वाजवतो. चौथीतल्या सुविधाचा तो आजोळचा मामा. तिला शिकवायला म्हणून मधल्या सुट्टीत आला होता. त्याने रास उचलून खाली ठेवली आणि माझे झाकण उघडून आत बघितले.

"संजनाबाई," तो म्हणाला, "ही पेटी आसा, पोरसूं न्हय."

पोरसूं म्हणजे परसबाग. बाईंचे तोंड उतरले. त्यांनी स्वतः फडके आणले. मामाने चिंचोके काढले, बसलेला सूर काढून पुसला, उन्हाची तिरीप मिळाली तेव्हा मला ओसरीवर ठेवले. सूर उठला. सुविधा रोज खाणे झटपट आटोपून माझ्याकडे येऊ लागली. तिची बोटे आखूड आहेत, पण कान चांगला. चुकली की स्वतःच जीभ चावे आणि परत पहिल्यापासून सुरू करी.

एके दिवशी मुख्याध्यापिका कमलबाई वर्गात आल्या. दिवाळीनंतर शाळेला मोठा टीव्ही आणि पुस्तकांचे कपाट मिळणार होते. त्यांनी कोपरा नजरेने मोजला.

"कपाट इथे राहील. पेटी माळ्यावर टाकूया. एवीतेवी कोण वाजवतो?"

मित्रांनो, माळा म्हणजे काय ते मी सांगते. तिथे उंदीर असतात आणि उंदरांना भात्याचे चामडे आवडते. माळ्यावर गेलेली पेटी परत खाली येते ती तुकड्यांनी.

"मी वाजवते," सुविधा म्हणाली.

कमलबाई वाईट नाहीत. त्यांच्याकडे एवढीशी शाळा आणि कामे डोंगराएवढी. त्या म्हणाल्या, "सरस्वतीपूजनाला आरती तू वाजव. अख्खी, न अडखळता, सगळ्या गावासमोर. मग माळ्याचे बघू."

"नक्की, बाई?"

"नक्की."

सरस्वतीपूजन म्हणजे आमच्या शाळेचा मोठा दिवस. पालक येतात, जुने विद्यार्थी येतात, फुगड्या होतात, मातीची मूर्ती बसते आणि दुसऱ्या दिवशी तिचे विसर्जन होते. सुविधाने आदल्या संध्याकाळी मला बाकावरून उतरवले, पुसून लख्ख केले आणि कागदी मखरासमोर चटईवर नेऊन ठेवले, म्हणजे सकाळी धावपळ नको. धूळ बसू नये म्हणून तिने आईचे पूजेचे तांबडे वस्त्र आणून माझ्यावर नीट पसरले, चारी कोपरे खाली खोचले. सगळे सत्रभर माझ्यावर काही ना काही टाकत आले. ही एकटी मला पांघरूण घालत होती. मला बरे वाटले. इथेच घोळ झाला.

सकाळी पालक मंडळी मूर्ती घेऊन आली. चौरंग कोणाकडून तरी येणार होता, तो आला नव्हता. पण मखरासमोर तांबडे वस्त्र घातलेले, सपाट, बेताच्या उंचीचे आसन तयार होते. त्यांनी काय समजावे? त्यांनी नमस्कार केला आणि सरस्वतीदेवीला माझ्यावर बसवले. दोन्ही बाजूंना समया ठेवल्या. भटजींनी अक्षता टाकल्या, मंत्र म्हटले, प्राणप्रतिष्ठा झाली. मी खालून सगळे ऐकत होते. ओरडणार कशी? भाता ओढल्याशिवाय मला आवाज नाही.

सुविधा परकर-पोलके घालून, वेणीत अबोली माळून आली.

"पेटी कुठे आहे?"

"काल तूच आणून ठेवलीस ना? बघ तिथेच असेल," कमलबाई आरतीचे तबक लावत म्हणाल्या.

परेशने बोट दाखवले. "ती पळय. देवी बसल्या तिच्यार."

सुविधा बघतच राहिली. मागून यशवंतमामा आला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"कोणे बसयली रे?"

"आमीच," एक पालक म्हणाले. "आमकां चौरंगूच दिसलो."

"मग देवीक उचलून बाजूक दवरया," दुसरे म्हणाले.

भटजींनी मान हलवली. "प्राणप्रतिष्ठा जाली. आता उत्तरपूजा जायसर देवीक हालोवंक जायना."

"उत्तरपूजा केन्ना?"

"फाल्यां सकाळीं."

म्हणजे उत्तरपूजा होईपर्यंत, उद्या सकाळपर्यंत, देवीला हलवायचे नाही, आणि आरती तर आता होती. बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. संजनाबाई हळूच म्हणाल्या, "या वेळेला स्पीकर लावूया का? सुविधा, तू उद्या वाजव." कोणीतरी स्पीकर आणायला वळलेसुद्धा. उद्या कोण येणार होते ऐकायला? विसर्जनाला चार माणसे. मला माळा दिसू लागला.

सुविधा रडली नाही. ती देवीसमोर जाऊन खाली बसली, परकर सावरला, तांबड्या वस्त्राची पुढची कड पडद्यासारखी वर केली आणि माझी पट्ट्यांवरची फळी उघडली.

"देवीक हालोवची ना न्हय?" ती भटजींना म्हणाली. "हांव हालोवना. फकत वाजयतां."

सगळे भटजींकडे बघू लागले. भटजींनी आधी देवीकडे बघितले, मग तिच्याकडे.

"तिच्या हातांत वीणा आसा," ते म्हणाले. "वाजयल्यार तिका राग कित्याक येतलो? वाजय."

पण भाता माझ्या पाठीमागे, मखराच्या कागदाला लागून. बाजूला समई, सुविधाचा हात मागे पोचेना. तेव्हा परेश कोणाला न विचारता मखराच्या मागे रांगत शिरला आणि त्याने भाता धरला. विचार करा, माझ्या डोक्यावर देवी, दोन्ही बाजूंना पेटत्या समया आणि मागे परेश. माझ्या सबंध आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते.

त्याने पहिलाच हिसका असा दिला की देवीच्या गळ्यातला हार थरथरला.

"हळू रे," सुविधा पुटपुटली. "तो फुगो न्हय."

मग सूर निघाला. वरून मूर्तीचे वजन असल्यामुळे आवाज थोडा दबका होता, पण होता. सुविधाने आरती धरली, मुलांनी उचलली, मागून बायकांनी. मध्यावर मखरामागे परेशला शिंक आली. भाता थांबला. माझा आवाज गेला, सुविधाची बोटे पट्ट्यांवर तशीच. पण म्हणणारे थांबले नाहीत, आणि परेशने नाक पुसून भाता धरताच ती पुढच्या ओळीला बरोबर येऊन मिळाली.

आरती संपल्यावर सुविधा कमलबाईंकडे गेली. मान खाली होती.

"बाई, आरती अडखळली."

"तू अडखळली नाहीस," कमलबाई म्हणाल्या. "परेश अडखळला. त्याला माळ्यावर टाकूया."

मखरामागून परेशने साफ नकार दिला, "हांव येवचो ना."

कपाट ओसरीच्या भिंतीला लावायचे ठरले. मी कोपऱ्यातच राहिले. इथे गोष्ट संपली असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण माणसांना मधला मार्ग ठाऊकच नाही. आधी माझ्यावर मूग लावले, आता कौतुक सुरू झाले. विसर्जन झाल्यावर कमलबाईंनी नवे जाड कापड आणले, मला गुंडाळले, वर दोरीने गाठ मारली आणि सांगितले, "गावाची ठेव आहे. आता हिला कोणी हात लावायचा नाही. पुढच्या सरस्वतीला सोडू."

सुविधा तिथेच उभी होती. "बाई," ती म्हणाली, "मग ती माळ्यावर गेल्यासारखीच झाली. आणि पुढच्या सरस्वतीला मी इथे नसेन. मी डिचोलीला हायस्कुलात असेन."

कमलबाईंनी गाठीवरचा हात काढला. संजनाबाई वाकल्या, गाठ सोडू लागल्या. गाठ घट्ट होती, त्यांनी दात लावले तेव्हा सुटली.

"स्पीकर उद्यापासून बंद," त्या म्हणाल्या. "सुविधा, तू जायच्या आधी कोणाला तरी शिकव."

तिने कोणाला निवडावे? परेशला. आणि हर्षाला.

तेव्हापासून माझी शांतता गेली, मित्रांनो. सकाळी सुविधा प्रार्थना वाजवते तेवढे सुख. मधल्या सुट्टीत परेश येतो, भाजी-पाव खाऊन तसाच. तेलकट बोटांनी माझ्या पट्ट्या दाबतो, एकच ओळ चुकतो, परत चुकतो, आणि वर हर्षाला सांगतो की पेटी जुनी आहे म्हणून चुकते. हर्षाची वीत अजून लहान आहे, तिची बोटे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतात तेव्हा मधला सूर आपोआप दाबला जातो. यशवंतमामा ओसरीवर बसून कान झाकतो. मला कान झाकता येत नाहीत.

तर माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या शाळेत, देवळात, घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्यावर पाण्याचा कप ठेवू नका, फळे ठेवू नका, देवही ठेवू नका. पावसाळ्यात तिला ऊन दाखवा. तिला गुंडाळून, गाठ मारून, नमस्कार करून बाजूला ठेवू नका. त्याने आमचा जीव जातो. या आणि चुका. रोज चुका, मी ऐकून घेईन, एवीतेवी ऐकतेच आहे.

फक्त हात धुऊन या.