औरंगाबादेतले दोन दिवस

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं आणि पावसानं सलग दुसऱ्या साली दगा दिला होता. कलेक्टर ऑफिसातल्या कारकुनांना रविवारसुद्धा राहिला नव्हता. कुठल्या गावाला टँकर पोचला, कुठल्या गावचा वाटेत बंद पडला, हेच दिवसभर. निवृत्ती सोनकांबळे त्याच टंचाईच्या टेबलावर होता. जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो उस्मानाबादहून बदलून आला आणि आई पार्वतीबाई, बायको पंचशीला आणि दोन पोरं घेऊन गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांत राहू लागला.

एका संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या तो म्हणाला, "मार्चअखेरचं काम उरकलं की दोन दिवस औरंगाबादला जाऊ. मी आन् तू. तुला सगळं दाखवतो."

पंचशीला भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. लग्नाला दहा वर्षं झाली, पण माहेर आणि बाजार सोडून नवऱ्याबरोबर ती कुठं गेली नव्हती.

"पोरं?" तिनं विचारलं.

"आई हाय की. आन् टँकर आला तर शेजारच्या साखराबाई हंडे लावून घेतील. मी बोललोय त्यांना."

म्हणजे आधीच ठरवलेलं होतं. पंचशीलाला मनातून बरं वाटलं. नवऱ्याची चार वर्षं औरंगाबादेत गेली होती. नागसेनवनातल्या कॉलेजात शिकून तो बी.ए. झाला होता. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. औरंगाबादचं नाव निघालं की त्याचा आवाजच बदलायचा, हे तिनं लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. होस्टेलची आमटी पातळ होती, हे सांगतानाही तो असा खुलायचा, की घरच्या आमटीला त्यानं कधी तेवढी दाद दिली नव्हती.

मग रोज चहाच्या वेळी बेत सुरू झाला. सकाळची एस.टी. धरायची, बीडवरून दुपारपर्यंत पोचायचं. पहिल्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की. रात्री त्याच्या एका मावसभावाकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी कॉलेज, मग विद्यापीठ, आणि विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातली लेणी.

"लेण्यांत चढ लई हाय का?" पंचशीलानं विचारलं.

"हाय थोडा. आम्ही सहलीला गेलो होतो तेव्हा उतरताना शरणम्माचा पाय मुरगळला. तिला चालवंना. तिची पिशवी मी धरली आन् पार खालच्या रस्त्यापर्यंत आणली."

"शरणम्मा कोण?"

"होती वर्गात. निलंग्याकडची. पाच-सहा पोरी होत्या आमच्या वर्गात."

एवढं बोलून तो चहा प्यायला लागला. पाच-सहांपैकी एकीचंच नाव त्याच्या तोंडी आलं, हे पंचशीलानं बरोबर धरून ठेवलं.

त्यानंतर बेत ऐकताना तिचं लक्ष ठिकाणांवर राहिलं नाही. तो कॉलेजातल्या लायब्ररीबद्दल बोलला की ती विचारायची, "तिथं पोरीबी बसायच्या का?" तो पाणचक्कीबद्दल बोलला की, "तिथं कुणासंगं गेल्ता?" तो सरळपणानं उत्तरं द्यायचा. शरणम्मा नाटकात काम करायची. शरणम्मा मराठी बोलता बोलता मधेच कानडीत जायची आणि सगळे हसायचे. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं.

"आता कुठं असती?" पंचशीलानं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"उदगीरला मास्तरीण झाली म्हणं. पोरींच्या शाळेत."

उदगीर! पंचशीलाचं माहेर उदगीरपासून तासाभराच्या वाटेवर. दहा वर्षं ती ज्या स्टँडवर उतरत होती, त्याच गावात ही बाई फिरत होती, आणि नवऱ्याला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. रांगेत उभं राहून तिनं घागरी भरल्या, कमरेवर, डोक्यावर वाहून आणल्या. शेवटची घागर उतरवत होती तेवढ्यात आत निवृत्ती आईला सांगत होता, "अगं, त्या वेळी आम्ही चांदण्यात पायी फिरायचो..." पंचशीलानं घागर ठेवली नाही, आदळली. ती कलंडली आणि भरलेलं पाणी उंबऱ्यावरून अंगणात गेलं. कोरड्या मातीनं बघता बघता ते पिऊन टाकलं.

पार्वतीबाई ओरडल्या, "अगं, डोळे फुटले का तुझे! आता टँकर परवा हाय!"

"सुटली हातातून," पंचशीला म्हणाली. ती सुटली नव्हती, हे निवृत्तीनं बघितलं होतं. त्या दिवशी पोरं अंघोळीवाचून शाळेत गेली, आणि पंचशीलाला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली म्हणून मनातली आग कमी झाली असं मात्र नाही.

आठवड्यानं तिनं सांगितलं, "आईचे गुडघे धरलेत. बघून येते." आईचे गुडघे खरोखरच धरलेले होते. निवृत्तीनं तिला स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं, पोरांसाठी उदगीरहून पेढे आण म्हणाला.

ती माहेरी एक मुक्काम राहिली. आई नागुबाईच्या गुडघ्यांना तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी उदगीरला उतरून विचारत विचारत ती पोरींच्या शाळेत गेली. अंगावर लग्नातल्या आहेराची जांभळी साडी होती. शिपायानं तिला लिंबाखालच्या ओट्यावर बसवलं.

मधली सुट्टी झाली आणि शरणम्मा बाई आल्या. पंचशीलानं महिनाभर मनात जी बाई रंगवली होती, ती ही नव्हती. या अंगानं चांगल्या भरलेल्या, चष्मा लावलेल्या, हातावर खडूची पूड. घाम पुसत त्या शेजारीच ओट्यावर टेकल्या.

"बोला ताई. कुणाच्या पालक तुम्ही?"

"पालक न्हाई, बाई. आम्ही लातूरचे. औरंगाबाद बघायला जायचंय दोन दिवस. तुम्ही तिथं शिकलात असं कळलं. म्हणलं, काय बघावं ते इचारावं."

शरणम्मा बाईंना नवल वाटलं, पण त्या खूष झाल्या. "अय्यो, एवढ्यासाठी आलात! मग ऐका. दोनच दिवस असतील तर वेरूळच्या नादी लागू नका. लेण्यांना सकाळी लवकर जा, उन्हाचं डोंगरावर नको. आणि संध्याकाळी गुलमंडीवर फिरा, बांगड्या घ्या. आम्ही पोरी फी भरून जे उरलं ते तिथंच उडवायचो." त्या हसल्या. हसणं मोकळं होतं, आणि ते पंचशीलाला आवडलं, म्हणून जास्तच टोचलं.

शेवटी तिनं विचारलंच. "आमचे मालक तुमच्याच वर्गात होते. निवृत्ती सोनकांबळे."

"निवृत्ती..." बाईंनी चष्मा काढून पुसला. "तबला वाजवायचे ते का?"

"न्हाई."

"उंच होते? परभणीचे?"

"बारकेच हायेत. लातूरकडचेच." पंचशीलाचा आवाज चढला. "तुम्ही लेण्यांच्या सहलीला गेलात, तुमचा पाय मुरगळला. तुमची पिशवी त्यांनी खालपर्यंत आणली."

"पाय मुरगळला होता खरा!" बाईंचा चेहरा उजळला. "चांगला आठवडाभर सुजला होता. पिशवी... आणली असेल हो कुणीतरी. वर्ग मोठा होता ताई, पोरांशी आमचं बोलणं फार नसायचं. पण नमस्कार सांगा त्यांना माझा. चहा घेता?"

"नको. गाडी हाय."

गाडीला वेळ होता. पंचशीला स्टँडवरच्या बाकड्यावर बसून राहिली. तिला हलकं वाटायला हवं होतं. काही नव्हतंच तिथं. जिच्यावर ती महिनाभर जळली, तिला तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा आठवत नव्हतं. पण हलकं वाटेना. राग आला होता, आणि तो त्या बाईचा आला होता. आठवत कसं नाही? एवढा चांगला माणूस, एवढी वाट पिशवी धरून चालला, आणि ही म्हणते कुणीतरी! तबला वाजवणारा आठवतो, परभणीचा उंच आठवतो. आपल्या माणसाला या बाईनं असं कसं विसरावं?

गाडी लागली, ती चढली, आणि पेढे घ्यायचे राहून गेले.

घरी आल्यावर निवृत्तीनं गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "मी विचार केला, एकदा उदगीरला जाऊन शरणम्माला भेटलो तर? तुझी ओळख होईल. तू लई विचारत असतीस तिचं."

पंचशीलानं त्याच्याकडं नीट बघितलं. त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. खरं काय ते सांगून टाकणं एका वाक्याचं काम होतं. तिला ते वाक्य जिभेवर आलेलंही कळलं. बोललं असतं तर तिचा महिनाभराचा जाच एका क्षणात फिटला असता, आणि त्याची ती चार वर्षं थोडी लहान झाली असती.

"कशाला?" ती म्हणाली. "शाळेच्या बाईला शंभर कामं असत्यात."

एप्रिलात रजा मंजूर झाली, मग टंचाईच्या बैठकीमुळं रद्द झाली, मग पुन्हा मंजूर झाली. बुधवारच्या सकाळी ते दोघं एस.टी.त बसले. बीडच्या पुढं निवृत्ती खिडकीकडं सरकला आणि गावांची नावं सांगत राहिला.

औरंगाबादेत उतरल्यावर मात्र तो गोंधळला. त्याच्या वेळी मोकळं मैदान होतं तिथं दुकानं होती. रिक्षावाल्याला त्यानं सांगितलेली खूण रिक्षावाल्याला माहीतच नव्हती. मकबऱ्याच्या वाटेवर तो दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा पंचशीलानं पुढं होऊन रस्ता विचारला. होस्टेलच्या दारात नवा रखवालदार होता. त्यानं विचारलं, "कोण पाहिजे?" "इथं होतो मी," निवृत्ती म्हणाला. रखवालदारानं मान हलवली आणि बिडी ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ते लेण्यांवर गेले. पंचशीलानंच तसं ठरवलं होतं, आणि का ते त्यानं विचारलं नाही. आत थंड अंधार होता. मोठ्या बुद्धमूर्तीपुढं दोघांनी हात जोडले, पंचशीलानं वंदना म्हटली आणि तिचा आवाज दगडातून घुमून परत आला. तो तिच्याकडं बघत राहिला.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर समोर सगळं शहर दिसत होतं. निवृत्तीनं बोट दाखवलं.

"त्या तिथं तिचा पाय मुरगळला. तिथून मी पिशवी घेतली. आत एवढी पुस्तकं होती! खांदा दुखला दोन दिवस." तो थांबला. मग जरा दबकत म्हणाला, "तिच्या ध्यानात असंल का गं?"

पंचशीलानं पदरानं मानेचा घाम पुसला.

"असंल की," ती म्हणाली. "असं कुणी इसरत असतंय का?"

तो खूष झाला. पोरासारखा खूष झाला, आणि ते बघून ती पुन्हा जळली. आपण दिलेल्या शब्दावर हा दुसरीसाठी हसतोय, म्हणून. ती उठली, साडीची धूळ झटकली आणि त्याच्या आधी पायऱ्या उतरायला लागली.

"अगं, थांब की! विद्यापीठाकडून जाऊ, मी दाखवतो."

"बास झालं तुमचं," ती वळून म्हणाली. "संध्याकाळपत्तर कुठं जायचं ते मी सांगणार. आधी गुलमंडी. मला बांगड्या घ्यायच्यात, आन् तुम्ही संगं उभं राहून निवडून द्यायच्या."

निवृत्ती पायऱ्या उतरत आला. "गुलमंडी तुला कुणी सांगितली?"

"सांगितली कुणीतरी," पंचशीला म्हणाली आणि चालत राहिली.