रेवाची हजेरी

माझी मुलगी रेवा माझ्या जागी पीएच.डी. करते. ती आठ महिन्यांची आहे.

हे विभागातल्या हजेरीच्या यंत्रामुळे झालं. सरकारी फेलोशिप चालू राहायची तर रोज सकाळी अंगठा लागतो. बाळंतपणानंतर दुपटी धुऊन धुऊन माझ्या अंगठ्यावरच्या रेघा गेल्या होत्या. यंत्र म्हणायचं, ओळख पटली नाही. एकदा कडेवरच्या रेवानं हात पुढे केला. चोखून ओला झालेला तिचा इवलासा अंगठा काचेला टेकला आणि हिरवा दिवा लागला. पडद्यावर माझं नाव आलं.

"झालं की!" कारकून तायडेभाऊ म्हणाले.

"अहो, हा तिचा अंगठा आहे."

"मग तिला बसवा. काहून उगीच यंत्राला नावं ठेवता?"

मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या प्रबंधांचे गठ्ठे लावले. माझं काम खारपाणपट्ट्यातल्या विहिरींवर होतं. तिनं आधी विहिरींचा नकाशा चघळला. पुढच्या आठवड्यात तो वाचला. माझ्या मार्गदर्शक सरांनी तिनं लिहिलेलं प्रकरण तपासलं आणि कौतुकानं तिच्या टाळूवर हात ठेवला.

"आता कुठे तुमचं कामात लक्ष लागायला लागलंय," ते म्हणाले.

टाळू अजून भरली नव्हती. त्यांच्या बोटांखाली ती धडधडत होती.

घरी आल्यावर ती रांगत नसे. पाळण्यात पडून छताकडे बघत राही. दूध पिता पिता दचकून जागी होई. मी बडबडगीत म्हणायला लागले की मध्येच थांबवून विचारी, "संदर्भ?"

एका सकाळी मी तिला नेलंच नाही. तेल लावून न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली, कुशीत घेऊन पडले. तिच्या मानेच्या वळीत अजून तोच वास होता. मग दार वाजलं. उघडून पाहते तर विभागाचा व्हरांडा आमच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. तायडेभाऊ हातात यंत्र घेऊन उभे.

"खाडा झाला तर फेलोशिप बंद, मॅडम. मग माझ्याकडे रडायला येऊ नका."

"बंद करा. मला ती सोडायची आहे. माझं लेकरू मला परत हवंय."

"सोडा ना, कोण अडवतं? फक्त संशोधकाची संमती लागते."

त्यांनी रेवाकडे पाहिलं. रेवानं माझ्याकडे.

"नाही सोडणार," ती म्हणाली. "आई या फेलोशिपसाठी उपोषणाला बसली होती. मी पोटात होते. आम्ही दोघी उपाशी होतो."

तायडेभाऊंनी डोळे पुसले. "अशी लेक नशिबानं मिळते बघा," ते म्हणाले आणि यंत्र तिच्यापुढे धरलं.

तेव्हापासून ती चालत जाते. मी डबा घेऊन मागे. तिची पावलं मोठी पडतात, मला पळावं लागतं.

आज समितीपुढे प्रगती अहवाल आहे. रेवा माझी सुती साडी नेसली. निऱ्या माझ्यापेक्षा चापून बसल्या. समितीच्या खोलीबाहेर बाकावर तिनं मला शेजारी बसवलं. माझे पाय जमिनीला टेकले नाहीत. मला भूक लागली होती. तसं सांगायला तोंड उघडलं तर नुसतंच रडू आलं.

"अगं अगं, माझं सोनं ते," रेवा म्हणाली. तिनं मला कडेवर घेतलं, पाठीवर थोपटलं आणि खांद्यानं दार लोटलं.

लांब टेबलामागून सरांनी मान वर केली.

"लेकरू बाहेर ठेवून या, मॅडम."

रेवा मला घेऊन वळली. व्हरांडा कुठेच संपत नव्हता. मला घ्यायला त्यात एकही माणूस नव्हतं.