खंडेनवमीला धुतलेली चावी

"चावी आमच्या मंडळींनी खंडेनवमीच्या पूजेत दुधात धुतली," असं विजयसिंह चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले आणि चौकशीला आलेले साहेब हसले. हसले! माझा नवरा महालक्ष्म्यांपासून बीडच्या तुरुंगात आहे आणि ह्यांना हसू येतं.

चावी कसली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही हसाल. माझा नवरा सोमनाथ वडवणीतल्या एका पतसंस्थेत लॉकरची खोली सांभाळायचा. त्या खोलीच्या दाराला दोनच अंगठे चालतात, सोमनाथचा आणि चेअरमनचा. कुणाचा अंगठा कधी लागला याची नोंद आपोआप एका डिस्कवर जाते. तिच्यात कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून डिस्कला कुलूप असतं. ते लोखंडी नव्हे, अक्षरांचं. चावीशिवाय उघडायला जाल तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. ती चावी एका पेनड्राइव्हमध्ये असते. तिच्या दोन प्रती केल्या होत्या, एक संस्थेच्या तिजोरीत आणि दुसरी बाहेर, म्हणजे आग लागली तरी एक वाचावी. बाहेरची प्रत चेअरमन स्वतःच्या घरी घेऊन गेले. "आमच्या देवघरात राहील. देवापेक्षा मोठा राखणदार कोण?" असं सभेत म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील, मेल्या हातांनी.

महालक्ष्म्यांना घालायला सोन्याचे डाग काढायचे म्हणून सारजाआत्या गेल्या तर त्यांचं लॉकर रिकामं. सोमनाथची सख्खी आत्या ती. जन्मभर मेंढरांमागं चालून केलेलं सोनं. लॉकरची आपली किल्लीही त्यांनी संस्थेतच ठेवलेली, रानात हरवेल म्हणून. खोली सोमनाथच्या ताब्यात, म्हणजे चोर सोमनाथ. घरच्याच माणसाला लुटलं म्हणून आमच्या वाड्यावस्त्यांवर लोक थुंकले. खरं तर आषाढात आत्यांनी डाग स्वतः पाहिले होते आणि श्रावणभर सोमनाथ काविळीनं दवाखान्यात पडून होता. त्या काळात दार उघडलं असेल तर अंगठा दुसऱ्याचाच. आणि ते सांगणारी एकच वस्तू, ती डिस्क, साहेबांच्या पेटीत सीलबंद. तिजोरीतली चावी त्याच सुमारास गायब झालेली. देवघरातली ही अशी दुधात गेलेली.

"जेवून येतो, मग अहवाल लिहितो. डिस्क उघडत नाही, तर हातात आहे तेवढ्यावरच लिहावं लागेल," साहेब म्हणाले. चेअरमनच त्यांना जेवायला घेऊन गेले. चोर तो चोर, वर यजमान.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तडक चेअरमनच्या घरी गेले. त्यांची बायको मोहिनीवैनी ओसरीवर तूर निवडत होत्या. एरवी त्या घराच्या पायरीपाशी आमच्यासारख्यांचा आवाज बसतो. आज मी ओरडले, "वैनी, कावून धुतली वो चावी? माझ्या नवऱ्याचा जीव व्हता तिच्यात! दुधात घालायची वस्तू हाय का ती?"

त्यांनी वर पाहिलं. "कोन म्हनलं मी धुतली?"

"तुमचेच मालक. समद्यांसमोर. म्हनले, बायकांना काय कळतंय त्यातलं. सायेब लई हसले."

मोहिनीवैनींच्या हातातलं सूप थांबलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला.

"मला अडानी म्हनले? चारचौघांत?" त्या उठल्या. "अगं, मोबाईलला कुनी दूध लावतं का? टीव्हीला लावतं का? जे धुता येत न्हाई त्याच्या जागी सुपारी मांडायची, हे माझ्या आजीपासून चालत आलंय. मी पेनड्राइव्हच्या जागी सुपारी मांडली. दूध घातलं ते सुपारीवर. आन् मला सांगून कोन गेलतं, म्हाईत हाय? हेच. म्हनले, ही बी धू, चांगली बुडवून धू. आन् गेले बाहेर गाडीला हार घालाया. मला तवाच कसंतरी वाटलं."

त्या देवघरात गेल्या. देवीच्या टाकांची पितळी डबी उघडली आणि कापसात गुंडाळलेला पेनड्राइव्ह बाहेर काढला. कोरडा ठणठणीत. मी हात पुढे केला तर त्यांनी दिला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

"तुज्या हातात देखला तर म्हनतील, हिनंच काय तरी केलं. मी येते."

आम्ही संस्थेत पोचलो तेव्हा साहेब आणि चेअरमन जेवून आले होते. चेअरमन बडीशेप चघळत होते. बायकोला पाहून त्यांचा जबडा थांबला. "तू कावून आलीस? घरी जा!"

मोहिनीवैनींनी गाठ सोडली आणि पेनड्राइव्ह साहेबांपुढं ठेवला. "धुतली ती सुपारी व्हती, सायेब. हा कोरडा हाय. लावून बघा."

"तिला काही कळत नाही, साहेब, तो दुसराच कुठला तरी..." चेअरमन उठलेच. पण साहेबांनी सील तोडलं होतं. कोपऱ्यात सारजाआत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतके दिवस त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. आता पाहत होत्या.

पडद्यावर कचरा आला नाही. तारखा आल्या, ओळीनं. साहेबांनी श्रावण काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. संस्था बंद असलेला दिवस, नागपंचमी. दार उघडलं होतं. शेजारी नाव होतं, विजयसिंह.

मोहिनीवैनी नवऱ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"नागपंचमीला तुमी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलता ना? मी डबा करून दिलता."

चेअरमन खाली बसले. आत्या उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात धरायला लागल्या. मी तो झटकला. माझा राग एवढ्यात निवणार नव्हता, अजून माणूस आत होता. मी साहेबांच्या टेबलापाशी गेले. ते मान खाली घालून काहीतरी लिहीत होते.

"सायेब," मी म्हणाले, "हसा की आता."